कमान, पाटे आणि ओझं

सुरुवात वजनकाट्यावर. पुण्याहून स्पितीला जायचं म्हणून पिकअपच्या मागे झोपायची पेटी बांधली आणि सगळं सामान भरून गाडी काट्यावर नेली. माझ्या अंदाजाने ओझं ३०० किलो होतं, निघालं ४५०. पाणी ६० लिटर म्हणजे ६० किलो, कॅनमधलं ४० लिटर डिझेल सुमारे ३३, वर प्लायवूड, दुसरी बॅटरी, भांडी, हत्यारं आणि आम्ही दोघं. मग फक्त मागची चाकं काट्यावर घेऊन दुसरी पावती केली. मागच्या कमानीचे पाटे ठरवायला हीच पावती कामाची.

*

जादा चाक मागच्या दाराबाहेर टांगायचा विचार होता. चाक ३० किलो, मागच्या एक्सलपासून १ मीटर मागे, दोन एक्सलमध्ये ३ मीटर अंतर. हिशेब मांडला तर मागच्या एक्सलवर ४० किलो येतात आणि पुढचा एक्सल १० किलोने हलका होतो. चढावर पुढची चाकं आणखी हलकी होऊन चालणार नाही. चाक केबिनला टेकवून उभं केलं.

*

पाट्याचा कडकपणा रुंदीच्या प्रमाणात वाढतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात. ६ मिमीच्या जागी ८ मिमीचा पाटा घातला की तो जवळजवळ २.४ पट कडक. "जरा जाड टाका" असं कधी सांगू नये.

*

ओझ्याखाली कमान किती दबते, त्यावर गाडीचा हेलकावा ठरतो. २५ सेंमी दबली तर सेकंदाला एक, ११ सेंमीला दीड, ६ सेंमीला दोन. एक ते दीड असला तर अंगाला बरा वाटतो. कायम ५०० किलो वाहण्यासाठी बनवलेले पाटे रिकाम्या गाडीला लावले तर ते फारसे दबतच नाहीत. खड्ड्यावर चाक जमीन सोडतं आणि ब्रेक मारावा तर पकड नसते. आमची गाडी एरवी रिकामीच फिरते, त्यामुळे दोन्ही वजनांना चालेल अशी कमान हवी.

*

पॅराबोलिक पाटे मध्ये जाड आणि टोकांकडे पातळ होत जातात. एकमेकांना मधे आणि टोकांनाच टेकतात, म्हणून घर्षण कमी आणि चाल मऊ. साधे पाटे पूर्ण लांबीभर घासतात. त्या घासण्याने थोडे हेलकावे विरतात, पण गंज आणि चिखल बसला की ते जाम होतात. तरी मी साधे घेतले. साधा पाटा तुटला तर ट्रक थांबतात तिथे कुठेही कमानपाटेवाला दुसरा कापून, भोक पाडून बसवून देतो. १९५५-५६ मध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे विद्यार्थी दोन लँड रोव्हर घेऊन लंडनहून सिंगापूरला गेले, तेही पाट्यांवरच.

*

एअर बलून लावायचा मोह झाला होता. हवा भरली की बसलेली मागची बाजू सरळ होते. पण पाट्यांचं ओझं चासीला पुढच्या आणि मागच्या हँगरवर, दोन ठिकाणी जातं. एक्सलवर बसवलेला बलून मधल्या एकाच जागी वर रेटतो. मागे लांबवर ओझं लोंबत असेल तर चासी तिथेच वाकते. ऑस्ट्रेलियात डबल केबिन पिकअपच्या चासी अशा वाकल्या आहेत. गाडी सरळ दिसली तरी वजन कमी झालेलं नसतं.

*

महामार्गावरच्या मिस्त्रींनी दोन्ही पावत्या पाहिल्या. "जाड पाटा नको. आहेत त्यांच्याच जाडीचा एक वाढवू, आणि यू बोल्ट नवे टाकू." तसंच केलं.

*

शॉकअप उडी जिरवतो म्हणजे तिची उष्णता करतो. साध्या दोन नळ्यांच्या शॉकअपमध्ये तेल आणि वायू एकाच जागी असतात. खडबडीत रस्त्यावर तासन् तास चाललं की तेलाला फेस येतो आणि जोर जातो. एका नळीच्या प्रकारात नायट्रोजन वेगळा राहतो आणि बाहेरची नळी थेट वाऱ्यात असल्याने लवकर थंड होते. मात्र तीच नळी सिलिंडर असल्याने दगडाने पोचा पडला तर पिस्टन अडकतो. हा प्रकार घेतला आणि पुढून पत्र्याची ढाल लावली.

*

स्पितीच्या वाटेवर, ग्राम्फू ते बातल. गोटे, नाले, पुन्हा गोटे. थांबलो की प्रत्येक वेळी मागच्या दोन्ही शॉकअपजवळ हात नेऊन पाहायचो. दोन्ही सारखे तापलेले असले की काम नीट चाललंय. एक तापलेला आणि दुसरा गार असेल तर गार असलेला काम करत नाही.

*

कुंझुम खिंड उतरून लोसरला, पाटे एक्सलला बांधणारे यू बोल्ट तपासले. डाव्या बाजूचा पाऊण फेरा फिरला. यू बोल्ट सैल राहिला तर पाटे सरकतात, सेंटर बोल्ट कापला जातो आणि एक्सल जागा सोडून गाडी तिरकी चालते. नवे यू बोल्ट पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळायलाच हवेत. आम्ही ते आधी करायला हवं होतं.

*

परत आल्यावर सामान उतरवताना न वापरलेल्या वस्तूंचा वेगळा ढीग केला: दुसरी बॅटरी, डिझेलचा एक कॅन, निम्मी भांडी, घडीचं टेबल. ढीग काट्यावर ठेवला, ७० किलो भरला. वाढवलेला पाटा बहुतेक याच ढिगासाठी होता. पुढच्या वेळी हे घरी ठेवून गाडी पुन्हा काट्यावर न्यायची, आणि मग मिस्त्रींना विचारायचं, तो पाटा काढता येईल का.