तीस सप्टेंबरचा पट

सप्टेंबर संपत आला की जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापकांचं सगळं लक्ष पटावर लागतं. ३० तारखेला हजेरीवर नावं किती आणि त्यांतल्या कितीजणांचं आधार जुळतंय, यावर संचमान्यता ठरते. म्हणजे सहावी-सातवी-आठवीला मास्तर किती, ते. वडिलांच्या नावात एखादी वेलांटी इकडची तिकडे झालेली असते. पोर समोर बसून त्रैराशिक सोडवतंय, पण पोर्टलच्या लेखी ते नाहीच. पटाबद्दलच्या या संशयाला कारणही आहे म्हणा. २०११च्या ऑक्टोबरात पटपडताळणी झाली, मुलांच्या बोटांना मतदारांसारखी शाई लावली, तेव्हा कागदावरची बरीच पोरं शाळेत सापडलीच नव्हती.

शिक्षण हक्क कायदा या वर्गांसाठी ३५ मुलांमागे एक शिक्षक म्हणतो. वर्गाला निदान एक, आणि विज्ञान-गणित, भाषा, सामाजिक शास्त्रं यांना स्वतंत्र माणूस. पट घसरला की पद जातं. समायोजनात गणिताचा माणूस गेला की त्याचे तास भाषेच्या बाईंकडे येतात. दोन वर्षांत पालक पोरांना इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसवतात आणि पट आणखी घसरतो.

आमच्या बीडकडची गोष्ट याच्याही पुढची. इथं सप्टेंबरात वर्ग भरलेला असतो. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल आधीच खर्चलेली, त्यामुळे थांबायची सोय नसते. नवरा-बायको मिळून एक कोयता. पोरं आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहिली तर ठीक. नाहीतर भांडीकुंडी, सरपण आणि सातवीतली मुलगी एकाच ट्रॉलीत. तिला नेतात ते धाकट्याला सांभाळायला आणि कोपीवर भाकरी थापायला. सोबत शिक्षण हमी पत्रक देतो आम्ही. ते घेऊन ती सांगली-कोल्हापूरकडच्या शाळेत गेलीच, तर तिथली मोजणी केव्हाच उरकलेली असते. तिच्या वाट्याचा मास्तर इथं, रिकाम्या बाकांपुढे. या व्यवस्थेत कुणी लबाडी केलेली नसते, हेच मला जास्त लागतं. आकडा खरा असतो, फक्त एका दिवसापुरता.

जानेवारीत पुन्हा मोजा, कारखान्याच्या गावातही मोजा, असं एका बैठकीत सुचवून पाहिलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, “गुरुजी, मुद्दा बरोबर आहे. पण पोर्टलवर तसा रकानाच नाही.”