पुठ्ठ्याचा कैवार

कोलकात्यात ज्याने पुस्तके, ग्रामोफोनच्या तबकड्या किंवा चित्रपटांच्या डीव्हीडी जपण्याचा छंद अंगीकारला, त्याचा पहिला प्रतिपक्ष म्हणजे येथील हवा. बंगालच्या उपसागरावरून येणारा दमट वारा ज्येष्ठापासून आश्विनापर्यंत या नगरीत मुक्काम ठोकतो आणि कपाटाच्या बंद दारांची यत्किंचितही पर्वा न करता आत शिरून कागदाला प्रथम मऊ, मग पिवळट करतो व अखेर त्यावर बुरशीचे करडे ठिपके उमटवितो. म्हणूनच चित्रपटाची तबकडी पुठ्ठ्याच्या वेष्टनात असावी की प्लॅस्टिकच्या डबीत, हा प्रश्न अन्यत्र केवळ अभिरुचीचा असला, तरी येथे तो प्रथमतः संरक्षणाचा आहे. आणि बँकेच्या नोकरीत या शहरी बदलून आल्यावर, भवानीपुरात हाजरा रोडवरील महाराष्ट्र निवासापासून हाकेच्या अंतरावर मी बिऱ्हाड केले, तेव्हापासून या प्रश्नाने माझा पिच्छा सोडलेला नाही.

या शहराला तबकड्यांचे वेड नवे नाही. 1908 साली सियालदह येथे ग्रामोफोनच्या तबकड्या छापण्याचा कारखाना निघाला, 1928 पासून ते काम दमदमला चालू लागले, आणि तेथून निघालेला माल पिढ्यान्‌पिढ्या घरांत नांदून अखेर फ्री स्कूल स्ट्रीटवरच्या, म्हणजे आजच्या मिर्झा गालिब स्ट्रीटवरच्या, जुन्या मालाच्या दुकानांत येऊन विसावला. तेथील जाणकार गिऱ्हाईक तबकडी हाती घेण्यापूर्वी तिचा पुठ्ठा न्याहाळते, कड बोटाने चाचपते, आतल्या बाजूस नाक नेऊन कुबट वास येतो का ते पाहते, आणि मगच भाव विचारते. चित्रपटांच्या डीव्हीडी बाजारात आल्या तेव्हा हीच दृष्टी त्यांच्याही वाट्याला आली, आणि अशाच एका दुकानात माझी एका सेवानिवृत्त शिक्षकांशी ओळख झाली. सारे त्यांना मास्टरमोशाय म्हणत, म्हणून मीही तसेच म्हणू लागलो.

मास्टरमोशाय प्लॅस्टिकच्या पक्षाचे, आणि त्यांचा पक्ष लेचापेचा नव्हता. "तुम्ही वेष्टनाकडे पाहता, मी तबकडीकडे पाहतो," असे म्हणून ते मला तिची शरीररचना समजावून देत. बारा सेंटिमीटर व्यासाची ही चकती जाडीला अवघी 1.2 मिलिमीटर, आणि तीही 0.6 मिलिमीटरच्या दोन पातळ चकत्या चिकटवून सिद्ध झालेली. आतल्या चकाकत्या थरावर चित्रपट नोंदलेला, आणि त्या थरावर वाचणारा किरण पोहोचावा म्हणून वरचे पारदर्शक अंग निष्कलंक राहणे अगत्याचे. पॉलिप्रॉपिलिनच्या डबीत तबकडी केवळ मधल्या छिद्राने धरलेली असते, तिचे अंग कोठेही टेकत नाही. उलट पुठ्ठ्याच्या खिशातून ती दर वेळी ओढून काढावी लागते, आणि कागदाचा कण, धूळ किंवा सुकलेल्या सरसाची कपची तिच्यावर रेघ ओढून जाते. आपल्याजवळची एक तबकडी खिडकीच्या उजेडात तिरपी धरून त्यांनी मला अशा रेघा दाखविल्या. सरळ गेलेल्या, एकीला एक समांतर. त्यांच्या डब्या मात्र दर महालयेपूर्वी ओल्या फडक्याने पुसल्या जात व पुन्हा नव्यासारख्या दिसत.

हे सर्व मान्य करूनही माझे मन पुठ्ठ्याकडेच ओढ घेत असे, आणि त्यास कारणे होती. प्लॅस्टिकची डबी अमर नाही. तिच्या मध्यभागी तबकडीला पकडणारे दात मोडतात, आणि एकदा दात मोडला की तबकडी आत खुळखुळू लागते, मग त्या डबीवर कोणताही इलाज चालत नाही. बाहेरचा पारदर्शक पापुद्रा पावसाळ्यात आतल्या छापील कागदाला चिकटतो व सोलताना रंगही सोलून नेतो. शिवाय सारख्याच मापाच्या शेकडो डब्या फडताळात ओळीने उभ्या राहिल्या की एक चित्रपट दुसऱ्याहून वेगळा आहे याची खूण डोळ्यांना लाभत नाही. 2007 च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना विकावयास आरंभ केला, तेव्हा सामान्य कुटुंबाच्या घरी चित्रपटांचा संग्रह होणे शक्य झाले, हा उपकार थोर खराच. पण स्वस्त मालाच्या त्या राशीत वेष्टन ही जपण्याची वस्तू आहे, ही जाणीव बाजारातून हळूहळू ओसरत गेली.

आणि ज्या नगरीत सत्यजित राय चित्रपट दिग्दर्शक होण्यापूर्वी जाहिरात संस्थेत चित्रकार होते व सिग्नेट प्रेसच्या पुस्तकांची मुखपृष्ठे रेखाटीत होते, तेथे तरी वेष्टनाला दुय्यम मानणे मला प्रशस्त वाटत नाही. 'पथेर पांचाली' या कादंबरीच्या मुलांसाठी केलेल्या संक्षिप्त आवृत्तीची चित्रे काढताना त्या कथेने त्यांच्या मनात घर केले, आणि पुढे 1955 मध्ये त्याच कथेचा चित्रपट झाला. पुस्तकाच्या सजावटीतून ज्या चित्रपटाचा अंकुर फुटला, त्याच्या तबकडीला साजेसे वेष्टन असावे, ही अपेक्षा अवास्तव कशी म्हणावी?

एका श्रावणात आमच्या भिंतीत पाणी मुरले आणि राय यांच्या चित्रपटांच्या एका संचाची पुठ्ठ्याची पेटी खालच्या कोपऱ्यात फुगली. थर सुटले, आणि आतल्या बाजूस कसरीनेही हात फिरविला. मास्टरमोशायांनी ती पाहून फक्त मान हलविली. मी मात्र ती घेऊन सियालदहजवळच्या बैठकखान्यात, जेथे पुस्तकबांधणी करणारे दप्तरी पिढ्यान्‌पिढ्या बसतात, त्या गल्लीत गेलो. एका वृद्ध कारागिराने पेटी उलटसुलट करून पाहिली, सुटलेल्या थरांमध्ये पातळ सुरी अलगद फिरवून कुजलेला भाग तेवढा काढला, आणि कढत खळीचे भांडे पुढे ओढले. खळ साधी मैद्याची, पण तिच्यात मोरचूद घातल्याने फिकी निळसर. किडा लागू नये म्हणून बांधणीकामातला हा जुना बंदोबस्त. बोटाने ती थराथरांत भरून त्याने आतल्या बाजूने मलमलीची पट्टी लावली, हाडाच्या पट्टीने कोपरा दाबून काटकोनात आणला, टीपकागद घालून वर लोखंडी वजन ठेवले आणि काही दिवसांनी येण्यास सांगितले. पेटी परत मिळाली तेव्हा डाग राहिलाच होता, परंतु कोपरा पूर्वीहून भक्कम होता.

त्या कोपऱ्यावरून बोट फिरवीत असता मला त्याच संचातील चित्रपटांचा इतिहास आठवला. जुलै 1993 मध्ये लंडनच्या एका प्रयोगशाळेला लागलेल्या आगीत राय यांच्या अनेक चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या. जळक्या, ठिसूळ झालेल्या त्या पट्ट्या टाकून न देता अमेरिकेतील चित्रपट अकॅडमीच्या संग्रहालयाने सांभाळल्या, आणि वीस वर्षे उलटल्यावर इटलीतील बोलोन्या येथील तंत्रज्ञांनी त्यांना पुन्हा ओलावा दिला, वितळलेले चिकट द्रव्य काढले, कडेची तुटलेली छिद्रे हाताने सांधली. 'पथेर पांचाली'चा सुमारे 40 टक्के भाग अशा रीतीने मूळ निगेटिव्हवरून पुन्हा उभा राहिला, उरलेल्याची भरपाई अन्य प्रतींवरून झाली, आणि 2015 मध्ये जगाने तो पुन्हा पाहिला. बोलोन्यातील यंत्रसामग्री आणि बैठकखान्यातील खळीचे भांडे यांत अंतर अपार. परंतु बिघडलेली वस्तू त्याज्य न मानता ती हाताने सांधीत बसण्याची निष्ठा दोन्हीकडे एकच.

पुठ्ठ्याविषयीच्या माझ्या पक्षपाताचे मर्म मला येथे सापडले. पुठ्ठा क्षीण होतो, पण दुरुस्तीला हात देतो. प्लॅस्टिक पुष्कळ दिवस टिकते, पण मोडल्यावर केराच्या टोपलीखेरीज त्याला ठिकाण नाही. ज्या वस्तूची दुरुस्ती होते, तिच्या मालकाला तिची देखभाल करावीच लागते, आणि संग्रह म्हणजे तरी दुसरे काय आहे? तथापि मास्टरमोशायांचा आक्षेपही डावलण्याजोगा नसल्याने मी तडजोडीची तजवीज केली आहे. तबकडी आत पॉलिप्रॉपिलिनच्या तबकात, बाहेर पुठ्ठ्याची पेटी, कपाटात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या, आणि दर शरदात उन्हाच्या झोताबाहेर पण मोकळ्या हवेत सर्व पेट्या काही तास मांडून ठेवणे. तबकड्या काढणाऱ्या कंपन्यांना माझी विनंती इतकीच की, त्यांनी पेट्या केवळ सरसाने चिकटवू नयेत, शिवाव्यात, आणि आतले तबक सुटे ठेवावे, म्हणजे दात मोडला तर तबक बदलता येईल व कोपरा सुटला तर पेटी दप्तऱ्याकडे नेता येईल. अशी पेटी थोडी महाग पडेल. ती किंमत देणारे गिऱ्हाईक या शहरात आहे, आणि त्यांपैकी एक मी आहे.