पाठकोऱ्या कागदाचा धनी

पाठकोरा कागद माझ्याच्याने फेकवत नाही. लग्नपत्रिका, विजेची बिले, मुलांच्या शाळेची परिपत्रके, कशाचीही एक बाजू कोरी दिसली की मी ती कात्रीने सारखी करून चिमट्यात अडकवतो. घरात त्या चिमट्याची यथेच्छ थट्टा होते. मंडळींच्या मते हा चिक्कूपणा. माझ्या मते ही कृतज्ञता. पण कृतज्ञता म्हटली की ती कोणाविषयी, हे सांगणे आले आणि तिथेच माझी पंचाईत होते.

शाळेच्या पुस्तकात तो गृहस्थ एका ओळीत उरकलेला असतो. इ. स. १०५, चीन, कागदाचा शोध, त्साय लुन. संपले! मुलाने ती ओळ घोकावी, परीक्षेत उतरवावी आणि विसरावी.

त्साय लुन हा लोयांगच्या हान दरबारातला खोजा. चढत चढत तो राजवाड्याच्या कारखान्यांचा मुख्य झाला. आपल्याकडच्या अठरा कारखान्यांसारखाच हा प्रकार. त्याच्या देखरेखीखाली तलवारी आणि हत्यारे घडत, आणि ती पुढच्यांना नमुना म्हणून दाखवण्याइतकी उत्तम असत. त्या काळी चीनमध्ये लिहीत ते बांबूच्या पट्ट्यांवर किंवा रेशमावर. रेशीम महाग आणि बांबू जड. जड म्हणजे किती? त्याच्या तीनशे वर्षे आधीचा पहिला सम्राट शी ह्वांग रोजचे दप्तर तराजूत तोलून घेई आणि ठरलेले वजन वाचून झाल्याखेरीज विसावा घेत नसे. आमच्या कचेरीत अशी पद्धत नाही, हे आमचे भाग्य.

त्साय लुनने झाडाची साल, वाखाची टोके, चिंध्या आणि कोळ्यांची जुनी जाळी घेतली. ती भिजवायची, कुटून लगदा करायचा, पाण्यात कालवायचा, आणि बारीक जाळीच्या साच्यावर त्याचा पातळ थर उचलून वाळवायचा. युक्ती एवढीच. पण पाहा, यातली एकही वस्तू विकत आणावी लागत नाही! जगातली सारी विद्या ज्यावर पुढे उतरली, ते मुळात उकिरड्याचे धन. १०५ साली त्याने ही कृती सम्राटापुढे ठेवली आणि शाबासकी मिळवली.

कागद मुळी त्याने शोधलाच नाही, असे आता विद्वान म्हणतात. १९८६ साली गान्सू प्रांतातल्या एका थडग्यात नकाशाच्या रेघा असलेला कागदाचा तुकडा सापडला. तो त्साय लुनच्या सुमारे अडीचशे वर्षे आधीचा. असेना का! पहिली पोळी कोणी लाटली यापेक्षा सगळ्या गावाला ती कोणी शिकवली, हे मला मोठे वाटते. माझी अडचण निराळी आहे.

१०५ च्या बरीच वर्षे आधी, ८२ साली, राजवाड्यात एक प्रकरण घडले. पट्टराणी दोऊ निपुत्रिक. युवराज होता सुंग नावाच्या दुसऱ्या राणीचा मुलगा. दोऊने सुंगवर चेटकाचा आळ घेतला. सुंगची बहीणही राजाच्याच अंतःपुरात होती. तीही गोवली गेली. दोघींची चौकशी करण्याचे काम आले तरुण त्साय लुनकडे. त्याने ती पट्टराणीला हवी तशी केली. दोघी बहिणींनी विष घेतले. मुलाचे युवराजपद गेले. बखरीत त्या थोरली सुंग आणि धाकटी सुंग एवढ्याच ओळखीने येतात.

हे मी घरी वाचून दाखवले, तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, "आणि त्या मेल्यासाठी तुम्ही पत्रिका कापत बसता?"

उत्तर मला सुचले नाही. हुकमाचा ताबेदार होता, असे म्हणावे, तर हाच ताबेदार कारखान्यात जातीने लक्ष घालणारा, प्रत्येक कामात अचूक. त्याने ही चौकशीही तितक्याच अचूकपणे केली असणार, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

कागद पुढे निघाला तो थांबला नाही. समरकंद, बगदाद, मग इटलीतले फाब्रियानो. पंधराव्या शतकात गुटेनबर्गने छापलेल्या बायबलच्या बहुतेक प्रती कागदावर निघाल्या; सगळ्या कातड्यावर काढायच्या तर वासरांचे कळप लागले असते. आपल्या जुन्नरचा आणि दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा हातकागद याच कुळातला. पेशवाईची किती दप्तरे त्यावर भरली! चीनमधल्या कागद करणाऱ्यांनी तर त्साय लुनला आपला देव केले, त्याची देवळे बांधली.

तो स्वतः मात्र ११४ साली सरदार झाला आणि सात वर्षांनी काळ फिरला. त्याची पाठराखण करणारी राजमाता डंग १२१ साली वारली, आणि सत्ता सम्राट आनच्या हाती आली. हा आन म्हणजे त्या पदच्युत युवराजाचा मुलगा, थोरल्या सुंगचा सख्खा नातू. न्यायाधिकाऱ्यापुढे हजर व्हावे, असा हुकूम त्साय लुनला सुटला. चौकशी म्हणजे काय, हे त्याला कोणी सांगायला नको होते. त्याने स्नान केले, दरबारी पोशाख नीट चढवला आणि विष घेतले.

नातवाने आजीला मरणोत्तर राणीपद बहाल केले. एकोणचाळीस वर्षांनी.