परवडणारा वाटाड्या

2025 च्या जानेवारीत, पौषातल्या एका पहाटे, धाकट्या भावाचा कळंबहून फोन आला. "दादा, हुरड्यात आलेली ज्वारी आडवी केली डुकरांनी. आता माणूस बघावंच लागतंय." माणूस म्हणजे शिकारी, अधिक नेमके सांगायचे तर वाटाड्या. रानडुकरे कुठून येतात, दिवसा कुठे दडतात, कोणत्या ओढ्याने परततात हे ज्याला ठाऊक आहे आणि ज्याचा भाव आपल्याला परवडतो, असा माणूस. तो निवडण्याचे काम भावाने माझ्यावर टाकले. अर्ज मला लिहिता येतो, आणि मास्तरांपुढे लोक पैशांसाठी फार ताणत नाहीत, असा त्याचा समज आहे.

योगायोग असा की त्याच आठवड्यात मी वर्गात 'शाकुंतला'चा दुसरा अंक शिकवीत होतो. दुष्यंताच्या मागे रानोमाळ फिरून अंग खिळखिळे झालेला विदूषक त्यात कुरकुरतो. पहाटेच रान वेढायला निघालेल्या पारध्यांच्या गलक्याने त्याची झोप मोडलेली असते. मुले हसतात. इतकी वर्षे मीही हसत आलो. पुढे शकुंतलेच्या विचाराने राजाचे मन शिकारीतून उडते आणि तो रानातल्या जनावरांना जणू अभय देऊन टाकतो; डुकरांनी डबक्याकाठचा नागरमोथा खुशाल उकरावा, म्हणतो. आम्ही त्यातल्या सौंदर्यावर बोलतो. पण पहाटे गलका करणाऱ्यांना नाटकात नाव नाही, त्यांच्या वाट्याला एक वाक्यही नाही, हे या पौषापर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते.

शनिवारी गावी गेलो. आमचे शेत मांजरा नदीच्या बाजूला आहे. धरणाच्या फुगवट्यामुळे तिकडे ऊस पुष्कळ, आणि दिवस उसाच्या फडात काढून रात्री बाहेर पडावे असा डुकरांचा नेम. ती खातात त्याच्या कितीतरी पट तुडवतात. ज्वारीचे ताट मोडून कणसापर्यंत तोंड नेतात. हरभऱ्यात तर रात्रभर बिनबैलाचा नांगर चालल्यासारखी माती उलथलेली असते. मादी एका वेळी चार-सहा पिल्ले देते, आणि त्यांना आवर घालणारे लांडगे आता विरळ झाले आहेत. डिसेंबर 2024 मध्ये विदर्भातल्या टिपेश्वरचा एक वाघ एवढे अंतर तोडून येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात पोहोचला, तेव्हा आमच्या पारावर एक विनोद फिरला: फुकटातला शिकारी आला खरा, पण त्याला कळंबचा रस्ता कोण दाखवणार?

भावाने तीन नावे काढून ठेवली होती. पहिला परवान्याची बंदूक असलेला शहरातला गृहस्थ. त्याचे भाडे, जेवण, काडतुसे आणि वर मानधन. शिवाय वन खात्याची परवानगी हातात पडल्याखेरीज तो गाडी काढणार नव्हता. दुसरी कुत्री बाळगणारी पोरांची टोळी. पैसे थोडे, मांस त्यांचे. पण शेजाऱ्याच्या उसातून कुत्री धावली तर भांडण आपले. तिसरा एक म्हातारा पारधी, सर्वांत स्वस्त. चौथा मार्ग कुणी मोठ्याने बोलत नव्हते, पण सर्वांना माहीत होता: कुंपणाच्या तारेत वीज सोडायची. त्याला वाटाड्या लागत नाही. मात्र ती तार डुक्कर आणि रात्री पाणी धरायला निघालेला माणूस यांत भेद करीत नाही. महाराष्ट्रात अशा तारांनी माणसे मेली आहेत.

कायदा मी वाचून गेलो होतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रानडुक्कर आधी तिसऱ्या अनुसूचीत होते. 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली आणि ते दुसरीत आले. उभ्या पिकाला धोका असेल तर 11व्या कलमाखाली अधिकृत अधिकारी कारणे नोंदवून, लेखी आदेशाने शिकारीची परवानगी देऊ शकतो. आदेशाशिवाय मारणे हा गुन्हा. फास लावणे, जाळे टाकणे हीसुद्धा कायद्याच्या भाषेत शिकारच. मी अर्ज लिहिला. नुकसानीचे वर्णन करताना दोन विशेषणे जास्त पडली, ती खोडली.

मग बाजाराच्या दिवशी म्हाताऱ्याला गाठले. निघताना घरातून सूचना मिळाली होती, "त्याला घर दाखवू नका." ती ऐकून मी काही बोललो नाही, हे नमूद केले पाहिजे. चहाच्या टपरीवर मी त्याला "बाबा, तुम्ही" म्हटले, तसा तो सावरून बसला. आयुष्यभर अरे-तुरे ऐकलेल्या माणसाला अनोळख्याचे 'तुम्ही' धोक्याचे वाटते. ते बहुधा कागद पुढे करण्याआधी येते. त्याने दोन हजार सांगितले. मी बाराशेवर आणले. मनातून मला बरेही वाटले, हेही नमूद केले पाहिजे. मग त्याने विचारले,

"कागद हाय का?"

"अर्ज दिलाय."

"त्या कागदावर माझं नाव हाय का?"

नव्हते. त्याच्याजवळ ना बंदूक, ना परवाना. परवानगी मिळाली असती तरी ती त्याच्यासाठी नव्हती. तो शांतपणे म्हणाला, "मग धरलं तर मालकाला साक्षीला बोलावतेत, सर. आरोपीत मला घेतेत."

माझ्या बाराशेचा हिशोब त्या एका वाक्यात निघाला. तो स्वस्त होता तो त्याचे ज्ञान कमी होते म्हणून नव्हे. त्या ज्ञानाला परवाना नव्हता, आणि पकडले जाण्याची सारी जोखीम तो दरात न धरता स्वतःच्या अंगावर घेत होता. बंदूकवाल्याचा भाव जास्त, कारण त्याच्यामागे कागद होता. आपण ज्याला 'परवडणे' म्हणतो, त्याची उरलेली किंमत पुष्कळदा दुसरा कुणी भरत असतो. माझ्या घासाघिशीत ती भरणारा माणूस समोरच बशीतून चहा पीत होता.

याला इतिहासही आहे. 1871 साली उत्तर हिंदुस्थानात सुरू झालेला गुन्हेगार जमातींचा कायदा पुढे मुंबई इलाख्यात आला. माणसांची नावे नोंदवहीत चढली, पोलिसांपुढे हजेरी सुरू झाली, सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. कळंब तेव्हा निजामाच्या राज्यात; पण शिक्क्याला सरहद्द अडवीत नाही. 31 ऑगस्ट 1952 रोजी या जमाती विमुक्त झाल्या. त्यानंतर वीस वर्षांनी आलेल्या वन्यजीव कायद्याने, योग्य हेतूनेच, रान वाचवायचे ठरवले. पण रान वाचता येणे हीच ज्यांची एकमेव इस्टेट होती, त्यांना तिच्या बदल्यात काय द्यायचे हे कुणी ठरवले नाही.

आम्ही मराठीचे अध्यापक 'मानसोल्लासा'चे नाव घेतो ते त्यातल्या मराठी ओळींसाठी. 1129 च्या सुमाराचा तो ग्रंथ कल्याणीच्या सोमेश्वर चालुक्याचा, म्हणजे आमच्याच भागावर राज्य करणाऱ्या राजाचा. त्यात राजाच्या विनोदांमध्ये मृगयेलाही स्थान आहे. राजासाठी शिकार हा विनोद, आणि ती ज्यांच्या जोरावर व्हायची त्यांची पोटाची विद्या. आज पहिला प्रकार ग्रंथालयात आहे आणि दुसरा आरोपपत्रात.

मी म्हाताऱ्याला म्हणालो, "मारू नका. नुसत्या वाटा दाखवा. दोन हजारच देतो." त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिले. शिकारीविना शिकाऱ्याला पैसे देणारा माणूस त्याला नवा असावा.

दुसऱ्या दिवशी तो शेतावर आला. बांधावरून न बोलता एक फेरी मारली. एका बाभळीच्या बुंध्याला गुडघ्याच्या वर वाळलेला चिखल होता. त्याने तिथे हात ठेवून घासायला येणाऱ्या नराची उंची दाखवली. ओढ्यातली लोळण दाखवली, खुरांच्या ठशांवरून पिल्ले किती ते सांगितले. "डुकराचा दोष न्हाई. त्याची वाट आधीची हाय, ज्वारी नंतर आली," म्हणाला. मग सल्ला: "तीन वाटा हायेत. दोन बुजवा, एक उघडी ठेवा अन् तिथं राखण बसवा. तिन्ही बुजवल्या तर चौथी पाडतेत." माझ्या अध्यापनाच्या साऱ्या वर्षांत संहितेचे इतके निकट वाचन मी क्वचितच पाहिले आहे. वहिनीने चहा दिला, तो कागदी पेल्यात. घरात स्टीलचे पेले होते.

उरलेल्या रात्री त्याने मजुरी ठरवून राखण केली: शेकोटी, बॅटरी, पत्र्याचा डबा. तिसरा हिस्सा ज्वारी गेली, बाकीची हाती आली. त्याच्यामुळेच आली असे मी सिद्ध करू शकत नाही. भावाचे मत अजून बदललेले नाही. डुकरे कमी झाल्याखेरीज गत्यंतर नाही, असे तो म्हणतो, आणि ज्याचे पीक जाते त्याच्याशी वाद घालण्याचा अधिकार मला पगारी माणसाला किती, हा प्रश्न आहेच.

भावाच्या मोबाइलमध्ये म्हाताऱ्याचा नंबर 'डुक्करवाला' म्हणून जतन केलेला आहे. मी नाव विचारले होते, आणि त्याने ते सांगितलेही. इथे लिहीत नाही. त्याच्या घराण्याचे नाव आजवर नको त्या कागदावर चढले, आणि हवे त्या कागदावर, माझ्या अर्जावरसुद्धा, आले नाही.