सोन्याचा पाळणा, बाभळीची झोळी

जालन्याच्या माणसाला ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण शिकवावी लागत नाही. मोंढ्यात आजही कोणीतरी ती ऐकवतंच. आमच्या घरचा पाळणा मात्र आईच्या विरलेल्या लुगड्याचा होता आणि तो बाभळीला बांधलेला असायचा.

1972 चा दुष्काळ. अंबड तालुक्यातल्या आमच्या गावाजवळ पाझर तलावाचं काम निघालं होतं. आई खडी फोडायची. धाकटा भाऊ झोळीत, आणि मी, सहा वर्षांची, झोका द्यायला. त्या बाभळीखाली दहा-बारा लेकरं असायची आणि त्यांच्यावर एक म्हातारी. तिच्यानं घण उचलत नव्हता म्हणून मुकादमानं तिला सावलीत बसवलं होतं. हजेरी मात्र पुरी मांडायचा. सगळे तिला ‘माय’च म्हणत. रांगतं लेकरू खडीकडे जाऊ नये म्हणून माय त्याच्या पायाला सुती दोरी बांधायची आणि दुसरं टोक स्वतःच्या अंगठ्याला. दुपारी तिचा डोळा लागायचाच. लेकरू सरकलं की अंगठा ओढला जाई आणि ती दचकून उठे. मग शिव्या. मग सुकडीची चिमूट त्याच्या तोंडात.

हे चित्र मी भाषणांतून पुष्कळदा रंगवलंय. लोकांना आवडतं. त्यातला अर्धा भाग मात्र मी सांगत नसे. किरकिऱ्या लेकराला माय अफूची बारीक गोळी चाटवायची. चोरून नव्हे, आयाच कमरेच्या चंचीतून काढून द्यायच्या, कारण लेकरू रडलं की हात थांबतो आणि खडी कमी भरते. दोरी काय, अफू काय, दोन्ही आजच्या कायद्यापुढे उभी राहणार नाहीत.

आणखी एक गोष्ट होती. गावात एक वाडा होता. “तिकडं एकटी जाऊ नकु,” असं आईनं बजावलं होतं, काकूनं बजावलं होतं, मायनंही. काहून, हे कोणीच सांगितलं नाही. बायांना सगळं ठाऊक होतं, आणि ठाऊक असण्यापलीकडे त्या काही करू शकत नव्हत्या. आमच्या काळची बालसुरक्षा म्हणजे एवढंच वाक्य. ते सहा वर्षांच्या पोरीला सांगितलेलं. वाड्याच्या मालकाला कोणी काही सांगितलं नव्हतं. पोरगी गेलीच, तर चूक तिची.

पुढे मी एकात्मिक बालविकास योजनेत पर्यवेक्षिका झाले, 1990 साली. योजना 2 ऑक्टोबर 1975 ला देशातल्या 33 प्रकल्पांत सुरू झाली, आमचा जिल्हा 1 मे 1981 ला औरंगाबादेतून वेगळा निघाला, आणि गावोगाव अंगणवाड्या हळूहळू आल्या. अंगणवाडी या कल्पनेमागे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची बोर्डी-कोसबाडची मेहनत होती: लेकरू शाळेत येत नाही, तर शाळेनं त्याच्या अंगणात जावं. आमच्याकडे अंगण कुठलं? कुठे मारुतीच्या देवळाचा मंडप, कुठे कोणाची पडवी. मी महिन्याला ठरलेल्या भेटी द्यायची. वजनाचा तक्ता बघायची, पोषण आहाराचा साठा मोजायची, लसीकरणाच्या नोंदी तपासायची. माझ्या भेटवहीत लेकराच्या दंडाच्या घेराला रकाना होता. पडवीचा मालक दिवसभर तिथंच का बसून असतो, याला नव्हता. एका गावात मी त्याला बघितलं होतं. वहीत लिहायला जागा नव्हती म्हणून लिहिलं नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं.

पोक्सो कायदा 14 नोव्हेंबर 2012 पासून, बालदिनाचा मुहूर्त धरून, लागू झाला. त्यानंतर केव्हातरी आमच्या सेविकांना प्रशिक्षण मिळालं. कलम 19 सांगितलं गेलं: लेकरावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा होईल अशी नुसती धास्ती वाटली, तरी पोलिसांना कळवायचं. कोणीही. न कळवलं तर कलम 21 प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद; संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचं झाकलं तर वर्षभर. सभागृहात कुजबुज झाली.

“मॅडम, खात्री नसली तरी?” एकीनं विचारलं.

“हो. खात्री करणं तुमचं काम नाही.”

दुसरी उठली. “त्याचं घर माझ्या घराला लागून आहे. मी कळवलं, तर मग राहू कुठं?”

प्रशिक्षिकेनं कायद्यातलंच उत्तर दिलं: चांगल्या हेतूनं खबर देणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी जबाबदारी येत नाही. ती “बरं” म्हणून खाली बसली. भिंत एक असलेल्या शेजाऱ्यासाठी कुठलंच कलम नसतं, हे तिला आणि मलाही समजलं होतं. तरीसुद्धा त्या दिवशी मला वाटलं, चाळीस वर्षांत पहिल्यांदा ते वाक्य उलटलं. ‘तू जाऊ नकु’ ऐवजी ‘तुम्ही कळवा’. ओझं पोरीच्या डोक्यावरून उतरून मोठ्यांच्या डोक्यावर आलं.

कागदं त्यानंतर भराभर वाढली. गावोगाव बाल संरक्षण समित्या, 1098 या बालहेल्पलाइनचे फलक, 2020 च्या नियमांनी लेकरांशी रोज संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी. काही समित्यांच्या सभा रजिस्टरातच भरायच्या. सह्या मात्र झकास. मग ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूर झालं. चार वर्षांच्या दोन मुली, शाळेतलाच सफाई कामगार, आणि लोक रुळावर उतरले तेव्हा हललेली यंत्रणा. शाळेच्या कारभाऱ्यांवर न कळवल्याचाही गुन्हा लागला. लगोलग शाळांना सीसीटीव्हीचा शासन निर्णय आला. त्याच वर्षी मी निवृत्त झाले.

आता माझी नात जालन्यात पाळणाघरात जाते. मागच्या महिन्यात तिला आणायला गेले, तर दारातल्या पोरीनं यादी बघितली आणि मला बाहेरच उभं केलं. नात आतून “आजी!” म्हणून नाचतेय, आणि ही म्हणते, “आजी, तुमचं नाव नाही, फोटो नाही. ताईंना फोन लावते.” लेक बैठकीत होती, वीस मिनिटं उन्हात गेली. मी रागावले, हे कबूल करते. चौतीस वर्षं मी अंगणवाड्या तपासल्या, हेही तिला ऐकवलं. ती हसली आणि तिनं दार काही उघडलं नाही.

ही दारं कोणाच्या लेकरांना मिळतात, ते मात्र आकड्यावर ठरतं. कारखान्यात पूर्वी 30 हून जास्त बाया असल्या तर पाळणाघर असे. मातृत्व लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीनंतर निदान 50 माणसं कामावर असतील तिथे, आणि आईला दिवसातून चारदा लेकराकडे जायची मुभा. 2005 च्या रोजगार हमी कायद्यानं कामावर सहा वर्षांखालची पाच लेकरं असली की एक बाई त्यांच्यासाठी नेमायचं लिहून ठेवलं. म्हणजे आमच्या मायला तेहतीस वर्षांनी कायद्यात जागा मिळाली. केंद्र सरकारच्या पाळणाघरांच्या योजनेचं तर आता नावच ‘पाळणा’ आहे. जालन्याला काय शोभलं असतं!

पण दिवाळी झाली की अंबड, घनसावंगी, मंठा, परतूरच्या वस्त्यांवरून ऊसतोडीला कोयते निघतात. फडात मालक कोण, मुकादम कोण, माणसं किती, याची मोजणी कुठल्या आकड्यात बसवायची? मागे राहणाऱ्या शाळकरी पोरांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत. अंगावरचं लेकरू आईबरोबरच जातं, आणि त्याला सांभाळायला आठ-नऊ वर्षांची बहीण. कोपीबाहेर ती त्याला कडेवर घेऊन उभी असते, आई-बाप पहाटेच फडात गेलेले असतात, आणि उसाच्या गाड्या तिच्या अंगावरून गेल्यासारख्या जातात.

निवृत्त व्हायच्या आधी एका सेविकेच्या मोबाइलवर पोषण ट्रॅकर बघत होते. लेकरांची यादी, वजनं, उंच्या. मध्येच सात-आठ नावांपुढे जागा रिकामी. मी विचारलं, “ही कुठंयत?”

“कारखान्याला, मॅडम.”

“कोणत्या?”

तिनं मुकादमाचं नाव सांगितलं. तेवढंच तिला माहीत होतं. तिच्या जुन्या वहीत मात्र प्रत्येक नावापुढे तिनं निळ्या शाईनं लिहिलं होतं: ‘बहिणीजवळ’.