शूर्पणखेच्या गावातले जिन

दिवाळीच्या सुट्टीत आपाचा मुलगा पुण्याहून आला आणि त्याने आमच्या हॉलमध्ये चटईवर जत्राच भरवली. चार मित्र, दोन जाडजूड पुस्तकं, कागदाचे तक्ते आणि मूठभर फासे. त्यातला एक तर वीस बाजूंचा! "खाला, ये डंजन्स अँड ड्रॅगन्स है," तो म्हणाला. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात आणि पुढे काय घडणार ते फाशावर ठरतं. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी अमेरिकेत हा खेळ काढला. मला वाटलं, आपल्या दास्तानगोईचाच हा कुणीतरी लांबचा भाऊ.

चहा देता देता पुस्तक चाळलं. शिक्षकाची खोड, छापलेलं काही दिसलं की हात जातोच. खेळणाऱ्याला आधी आपली 'रेस' निवडावी लागते. एल्फ देखणे, सडपातळ, टोकदार कानांचे, सातशे वर्षं सहज जगणारे. त्यांचेच जमिनीखाली राहणारे भाऊबंद म्हणजे ड्रो. ते काळ्या कातडीचे, आणि बहुतेक दुष्ट. दुसऱ्या पुस्तकात तर प्रत्येक जमातीच्या नावाखाली तिचा स्वभावही छापलेला. ऑर्क म्हणजे बेबंद आणि दुष्ट. संपला विषय.

मग जिन सापडले. जुने ओळखीचे, म्हणून थांबले. या खेळात वाऱ्याचा जिन भला आणि आगीचा इफ्रित दुष्ट. आपल्याला लहानपणापासून माहीत आहे की जिन धूर नसलेल्या आगीपासून बनले. आणि इफ्रित? सुलेमान अलैहिस्सलाम यांच्या दरबारात राणीचं सिंहासन आणून देतो म्हणून पुढे आलेला इफ्रितच होता. कुरआनातली बहात्तरावी सूरा जिनांच्याच नावाची आहे. त्यात जिन स्वतः सांगतात की आमच्यात नेक आहेत आणि तसे नसलेलेही आहेत. म्हणजे जिनालाही ज्याच्या त्याच्या अमलाचा हिशेब आहे. आग म्हणून कुणी दुष्ट ठरत नाही.

पुढच्या पानांवर राक्षस होता. वाघाचं तोंड, तळहात उलटे, स्वभाव दुष्ट. मला हसू आलं. आम्ही नाशिककर. शूर्पणखेचं नाक इथे कापलं म्हणून गावाला हे नाव पडलं, असं सांगतात. तपोवनात ती जागाही दाखवतात. मुघलांच्या काळात गाव गुलशनाबाद झालं, पण नाक काही गेलं नाही. ही शूर्पणखा म्हणजे नुसती 'राक्षस जमात' नाही. तिला नाव आहे, भाऊ आहेत, मनात इच्छा आहे आणि झालेला अपमान आहे. तिचाच एक भाऊ विभीषण. हिडिंबा भीमाची बायको. बळीराजा असुर, पण त्याचं राज्य परत यावं असं महाराष्ट्रातला शेतकरी अजून म्हणतो. चांगलं-वाईट ठरवण्याआधी आपल्या गोष्टी निदान नाव तरी विचारतात.

जुन्या नाशकात आमच्या गल्लीच्या टोकाला चिंचेचं झाड होतं. नानी म्हणायची, मगरिबनंतर तिकडे जाऊ नका, चुडैल बसते. शेजारच्या काकू आपल्या मुलांना सांगायच्या, हडळ बसते. दोघींचेही पाय उलटे. ती एकच होती की दोन, यावर आम्हा पोरांची भांडणं व्हायची. अंधार पडला की मात्र सगळे एकाच दिशेने पळायचे.

भाच्याला विचारलं, तुझं पात्र कोण? तो म्हणाला, "टीफलिंग." शिंगं, शेपूट. कुणा पूर्वजाचा सैतानाशी संबंध आला होता, म्हणून लोक पिढ्यान्‌पिढ्या याच्याकडे संशयाने बघतात.

"एवढ्या देखण्या एल्फमधून हाच का निवडलास रे?"

"खाला, इसको भी कोई किराये पे घर नहीं देता."

मित्र हसले. मला हसता आलं नाही. जूनमध्ये पुण्यात तो खोली शोधत होता. फोनवर भाडं ठरायचं, डिपॉझिट ठरायचं, नाव सांगितलं की मालकाला अचानक 'फॅमिलीच' हवी असायची. आपाला त्याने यातलं काही सांगितलं नव्हतं. महिनाभर तो मित्राच्या खोलीवर राहिला. तो मित्र त्या रात्री चटईवर समोरच बसला होता, गोष्ट सांगणारा तोच. त्याने हसू आवरलं आणि फासे भाच्याच्या हातात दिले. "टाक, तुझी पाळी."

२०२० साली हा खेळ छापणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीने कबूल केलं की ऑर्क आणि ड्रो यांचं चित्रण खऱ्या जगात काही समाजांना जसं हिणवलं गेलं त्याच्यासारखं झालं होतं. २०२४ च्या पुस्तकात 'रेस' हा शब्द काढून 'स्पीशीज' घातला. ऑर्कही आता खेळणाऱ्याला पात्र म्हणून घेता येतो. चूक मान्य केली, हे चांगलंच. पण 'प्रजाती' हा शब्द मला आणखीच लांबचा वाटतो. शब्द बदलला तरी आधी खूण बघायची आणि मग माणूस, ही सवय राहिली तर काय उपयोग? खोली नाकारणाऱ्यांनीही शब्द सभ्यच वापरले होते.

सुट्टीनंतर सातवीच्या वर्गात मराठीच्या तासाला निबंध दिला : 'माझ्या ओळखीचा राक्षस'. आमची मुलं उर्दू माध्यमाची, मराठीत लिहायला बिचकतात. पण या विषयावर वर्ग एकदम जागा झाला. अट एकच घातली. राक्षसाचं नाव हवं, त्याची आई हवी आणि त्याला कशाची तरी भीती हवी.

मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, तो खराच वाईट असला तर?"

"असू दे की. पण त्याने काय केलं म्हणून वाईट, ते तीन ओळींत लिही."