धुतलेली साडी

माझी मुलगी चार वर्षांची असताना मी तिला बेळगावला माझ्या आईकडे ठेवलं. भाईंदरची एक खोली, दोघांच्या नोकऱ्या, पहाटेची लोकल. तिला सांभाळणार कोण? "एवढीशी पोर, तिला काय कळतंय? आठ दिवसांत विसरेल," असं मीच सगळ्यांना सांगत होते.

ती माझी एक जुनी साडी नाकाशी धरून झोपायची. खिडकी उघडली की आमच्या खोलीत खाडीचा खारट वास यायचा, तो कपड्यांतही मुरलेला असायचा. एकदा आईनं ती साडी धुतली. त्या रात्री पोरीनं घर डोक्यावर घेतलं. "आजीनं आई धुऊन टाकली," एवढंच म्हणत राहिली. फोनवर हे ऐकून मी हसले. दुसऱ्या दिवशी लोकलमधल्या मैत्रिणींना गंमत म्हणून सांगितलंही. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

त्याच सुमारास प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' वाचलं. ते 1994 साली आलं होतं. आजी-आजोबांकडे राहणारा लंपन, बेळगावकडची बोली. 'किती गोड' म्हणून मी पुस्तक मिटलं. त्याच्या नावाकडे पाहिलंच नाही.

फार वर्षांनी फॉकनरची 'द साउंड अँड द फ्यूरी' हाती आली. 1929 ची कादंबरी. अमेरिकेच्या दक्षिणेतलं, मिसिसिपीतलं एक मोडत चाललेलं घराणं. पहिला भाग बेंजीचा. वय 33, पण बोलता येत नाही. काल आणि आज यांतला फरक कळत नाही. त्याची बहीण कॅडी म्हणजे त्याच्यासाठी झाडांचा वास. ती वयात येते, अत्तर लावते, आणि तो रडायला लागतो. का ते कॅडीला उमगतं. ती अत्तर धुऊन टाकते, तेव्हा कुठे तो शांत होतो.

त्या पानावरून मला पुढे जाता येईना. बहीण हातातून निसटते आहे, हे त्याला नाकानं कळलं होतं. माझ्या मुलीलाही तसंच कळलं होतं, आणि तिच्याकडे तर ते सांगायला शब्दही होते. कॅडीनं न बोलणाऱ्या भावाचं रडणं ओळखलं. मी आई असून बोलणाऱ्या मुलीचं वाक्य ऐकलं नाही. 'तिला काय कळतंय' हे माझं मत नव्हतंच; ती माझी सोय होती.

'वनवास' पुन्हा काढलं. या वेळी लंपनच्या गमतीजमतींच्या मागे आई-बाबांपासून लांब राहणारं पोर दिसलं. ते आधीही तिथंच होतं.

गेल्या दिवाळीत मुलीला हे सगळं सांगितलं, माफी मागितली. ती म्हणाली, "मला काहीच आठवत नाही गं, आई." मग थोड्या वेळानं म्हणाली, "पण नायगाव सुटलं, गाडी पुलावर आली आणि खाडीचा वास आला, की उगाच वाटतं, आता तू येशील."